नाव कुणाचे, हक्क कुणाचा?

परदेशी कमाईतून घर-जमीन करणाऱ्या कुटुंबांसाठी

भामरागडला बदली होऊन आलो, ते आमचे इथले पहिलेच वर्ष होते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढते आणि आलापल्लीकडचा रस्ता बंद पडतो. त्या वर्षीही तसेच झाले होते. भाड्याच्या दोन खोल्या गळत होत्या. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, किती वर्षे भाडे भरणार? एक जागा आहे, स्वस्तात मिळते. जमीन माडिया माणसाची आहे, म्हणून तुमच्या नावावर होणार नाही. पण नाव त्याचेच राहू द्या. साध्या कागदावर लिहून घेऊ, घर तुम्ही बांधा."

खरे सांगायचे तर दोन रात्री आमच्या मनात ते घर उभे राहिले होते. तिसऱ्या दिवशी महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका कारकुनांना विचारले. त्यांनी समजावले, की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ साली कलम ३६अ घातले गेले. विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा यांपैकी काहीही परस्पर करता येत नाही. ५ वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते. बाकीच्या व्यवहारांत जिल्हाधिकाऱ्यांनाही शासनाची मान्यता घ्यावी लागते. सावकार आणि व्यापाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या या लोकांच्या जमिनी गिळल्या, म्हणून हा कायदा झाला. आम्ही ती जागा घेतली असती, तर पैसा गेला असताच, शिवाय त्या गिळणाऱ्यांच्या रांगेत आमचेही नाव लागले असते. आजही आम्ही भाड्यानेच राहतो.

त्यानंतर काही दिवसांनी शारजाहून आमच्या भाच्याचा फोन आला. "मामू, गावाकडे दीड एकर शेतजमीन निघाली आहे. मी परदेशात असल्यामुळे मला घेता येत नाही म्हणतात. तुम्ही शेतकरी खातेदार आहात. पैसे मी पाठवतो, जमीन तुमच्या नावावर घ्या. तुमच्यावर भरवसा आहे."

आम्हाला हसूही आले आणि भीतीही वाटली. भामरागडात जो सल्ला आम्हाला मिळाला होता, तोच तो आमच्याकडे मागत होता. आम्ही नकार दिला. तो थोडा दुखावला. या लेखाचे निमित्त तेच आहे, कारण कोकणापासून विदर्भापर्यंत आपल्या कितीतरी घरांतला कमावता माणूस आखातात आहे आणि त्याच्या कमाईची मालमत्ता कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच नावावर आहे.

भरवशाचे नाव

आमचे एक मामू कुवेतला होते. लग्नानंतर सहा महिन्यांत गेले, ते दर दोन वर्षांनी सुट्टीवर येत. ड्राफ्ट थोरल्या भावाच्या नावाने यायचा. त्या पैशातून थोरल्यांनी रस्त्याकडेचा प्लॉट घेतला, वर घर बांधले. कागद अर्थातच थोरल्यांच्या नावावर झाले, कारण सही करायला तेच इथे होते. कुणाच्या मनात पाप नव्हते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले. लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आणावे लागले, त्यात मामूही होते. हातात एक बॅग होती. तिकडचा पैसा तिकडेच राहिला.

थोरले हयात होते तोवर सगळे ठीक चालले. ते वारले आणि त्यांच्या मुलांनी सातबारा पुढे ठेवला. मामूंकडे पैसे पाठवल्याच्या जुन्या पावत्यांची एक पिशवी होती, पण त्या पावत्यांवर 'घरखर्चासाठी' याखेरीज काही लिहिलेले नव्हते. मामू कोर्टात गेले नाहीत. शेवटपर्यंत त्याच घराच्या मागच्या पडवीत राहिले, स्वतःच्या पैशाच्या घरात पाहुण्यासारखे.

आजचा कायदा याबाबत अधिकच कडक आहे. बेनामी व्यवहार प्रतिबंध कायदा १९८८ चा, त्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे असेल, तर खरा मालक 'ही माझी आहे' म्हणून सहसा दावाच लावू शकत नाही. मालमत्ता सरकारजमा होऊ शकते, तुरुंगवासही होऊ शकतो. यात काही सवलती आहेत, त्या नीट लक्षात ठेवाव्यात. पैसा हिशेबातला असेल, तर पत्नीच्या किंवा मुलांच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी धरली जात नाही. भाऊ, बहीण, आई-वडील यांच्या बाबतीत मात्र दस्तात तुमचेही नाव सहमालक म्हणून असले पाहिजे. भावावर भरवसा जरूर ठेवा, पण खरेदीखतात आपले नाव घाला. त्याने भरवसा कमी होत नाही. उलट भावाच्या मुलांना आणि तुमच्या मुलांना भांडायला कारण उरत नाही.

पत्नीच्या नावावर घर घेताना आणखी एक गोष्ट बोलून आणि लिहून ठेवावी. ते घर तिला हिबा म्हणून दिले आहे, मेहरच्या बदल्यात दिले आहे, की फक्त सोयीसाठी तिच्या नावावर आहे? आज हा प्रश्न विचित्र वाटेल. नवऱ्याच्या मृत्यूनंतर दीर-नणंदांसमोर तोच प्रश्न तिला एकटीला सोडवावा लागतो.

परक्या मुलखात घर घेताना

ज्या देशात राहतो, तिथला कायदा आधी विचारावा. वीस वर्षे राहिलो म्हणजे मालकी मिळाली असे नसते. इकामा किंवा व्हिसा हा राहण्याचा परवाना आहे, मालकीशी त्याचा संबंध नाही. आखातातल्या प्रत्येक देशाचे नियम निराळे आहेत आणि ते बदलतही असतात. दुबईत २००६ च्या कायद्याने परदेशी माणसाला ठरवून दिलेल्या भागांत पूर्ण मालकीचे घर घेता येते, सगळीकडे नाही. शेजारच्या अमिरातीत हेच असेल असे धरून चालू नका.

ज्या भागात आपल्याला परवानगी नाही, तिथे स्थानिक माणसाच्या किंवा कफीलच्या नावावर घर-दुकान घ्यायचा सल्ला देणारे भेटतील. भामरागडचा आमचा अनुभव तेव्हा आठवावा. नाव ज्याचे, मालमत्ता त्याची. तुमच्याकडे उरतो तो साधा कागद.

दुबईत घर घेणाऱ्यांनी एवढे तरी तपासावे:

• नोंदणी दुबई लँड डिपार्टमेंटकडे होते आणि तिची फी किमतीच्या ४ टक्के असते. ही रक्कम, दलाली आणि दरवर्षीचा देखभाल खर्च धरूनच हिशेब करा. देखभाल खर्च घर रिकामे असले तरी भरावा लागतो.

• इमारत अजून बांधायची असेल, तर हप्ते प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच भरा. २००७ पासून तिथे हे बंधनकारक आहे. एजंटच्या किंवा कंपनीच्या साध्या खात्यात पैसे मागितले, तर व्यवहार थांबवा.

• कर्ज काढायचे असेल तर व्याजाच्या कर्जाखेरीज इस्लामी पद्धतीचेही पर्याय आहेत. दुबई इस्लामिक बँक १९७५ पासून काम करते. पण 'इस्लामी' हा शब्द वाचून सही करू नका. हप्ता चुकला तर काय, नोकरी गेली तर काय, ही कलमे वाचा आणि जाणत्या आलिमांना विचारा.

• घर आहे म्हणून व्हिसा कायम राहील असे समजू नका. दोन्हींचे नियम वेगळे असतात.

• मालक वारला तर त्या घराचा निकाल तिथल्या न्यायालयात लागतो. इथला वारस दाखला तिथे आपोआप चालत नाही. तिथली बँक खातीही सहसा न्यायालयाचा हुकूम येईपर्यंत गोठतात. म्हणून घरच्यांना दोन-तीन महिने पुरेल इतका पैसा पत्नीच्या स्वतंत्र खात्यात असावा.

गावाकडची मालमत्ता

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. परकीय चलनाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला इथे फ्लॅट, घर, दुकान घेता येते. शेतजमीन, बागायती मळा आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. परदेशी जाण्याआधी घेतलेली किंवा वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते. त्यामुळे बापजाद्यांच्या जमिनीची चिंता नको. नवी घ्यायची हौस असेल, तर ती कायमचे परत येईपर्यंत थांबवावी.

परदेशी गेल्यावर जुने बचत खाते तसेच वापरत राहणे चूक आहे. ते एनआरओ करून घ्यावे लागते. इथले भाडे, शेतीचे उत्पन्न त्यात जमा होते. तिकडची कमाई एनआरई खात्यात ठेवली, तर त्याचे व्याज इथे करमुक्त असते आणि रक्कम परत नेता येते. एनआरओमधून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम कर भरून बाहेर नेता येते. घर घेताना पैसे स्वतःच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून थेट विकणाऱ्याला द्या, भावाच्या खात्यातून फिरवू नका. मामूंच्या पिशवीतल्या पावत्यांना जे सिद्ध करता आले नाही, ते बँकेची एक नोंद सिद्ध करते.

विकताना एक गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. विकणारा अनिवासी असेल, तर घेणाऱ्याला रक्कम देतानाच कर कापावा लागतो. ही कपात प्रत्यक्ष नफ्यावर व्हावी म्हणून विक्रीआधीच आयकर विभागाकडून कमी कपातीचा दाखला काढावा. नाहीतर सगळ्या किमतीवर कपात होते आणि परताव्यासाठी वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते.

मुखत्यारपत्राबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त घरे यातच फसतात. 'माझ्या वतीने सर्व काही करण्याचा अधिकार' असे सर्वसाधारण मुखत्यारपत्र देऊ नका. कोणते काम, कोणती मालमत्ता, किती मुदत, हे लिहून खास मुखत्यारपत्र द्या. भाडेकरू ठेवायचा असेल तर तेवढेच लिहा. विकायचा अधिकार द्यायचा नसेल तर तसे स्पष्ट लिहा. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यावर ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. सुट्टीवर आला असाल तर इथल्याच दुय्यम निबंधकाकडे नोंदवून जाणे अधिक सोपे. काम झाले की ते रद्द करा आणि ज्याला दिले त्याला व संबंधित कार्यालयाला लेखी कळवा.

दोन गैरसमज दूर करावेत. मुखत्यारपत्रावर घर 'विकत घेतले' म्हणणाऱ्याला मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि मुखत्यारपत्र देणारा वारला की त्याचा अधिकारही सहसा तिथेच संपतो. 'साहेबांचे मुखत्यारपत्र आमच्याकडे आहे' असे मृत्यूनंतर म्हणण्यात काही अर्थ नाही. तेव्हापासून अधिकार वारसांचा.

सातबारा, मालमत्ता पत्रक, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा हे कागद दर सुट्टीत काढून पाहावेत. डिजिटल सहीचा सातबारा आता महाभूमीच्या संकेतस्थळावर परदेशात बसूनही मिळतो. फेरफारात नवे नाव शिरले आहे का, बोजा चढला आहे का, ते दिसते. पण ग्रामपंचायतीचा उतारा मुख्यतः घरपट्टीसाठी असतो, आणि फेरफाराची नोंद झाल्याने कुणी मालक होत नाही. खरा आधार खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र यांसारख्या दस्ताचाच. त्याची मूळ प्रत कुठे आहे, हे घरातल्या दोघांना तरी माहीत असावे.

वारसा: सर्वांत अवघड पान

इथे आम्हाला आमच्या स्वतःच्या घराबद्दल सांगायला हवे.

आमचे गावचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी आहे. दादांच्या इंतकालानंतर अब्बांनी आणि चाचांनी फुफीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. फुफीने चहा करता करता सही केली. "भावांना नाही कशी म्हणू? माहेर तुटेल," एवढेच ती नंतर आमच्या अम्मीजवळ बोलली होती. कायद्याने सगळे रीतसर होते. पण अब्बा गेले आणि कागद आमच्या हाती आले, तेव्हा ती सही बघून आम्हाला झोप आली नाही. भाच्याला 'दुसऱ्याच्या नावावर घेऊ नकोस' सांगणारे आम्ही, दुसरीचा हिस्सा आमच्या नावावर घेऊन बसलो होतो.

आपल्या समाजात बेनामी हा शब्द फक्त पैशाबाबत वापरतात. बहिणीचा हिस्सा भावाच्या नावावर असणे हीसुद्धा तीच गोष्ट आहे.

सूरह निसामध्ये वाटे ठरवून दिलेले आहेत, ते आपल्या मर्जीवर सोडलेले नाहीत. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, आणि पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे. मग वसीयत, ती एक तृतीयांशापुरतीच, आणि वारसाच्या नावे केली तर बाकी वारसांच्या संमतीनेच. उरलेल्याची वाटणी. समजा, मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत, आणि वडिलांचे आई-वडील हयात नाहीत. मालमत्तेचे ३२ भाग केले तर पत्नीला ४, मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७ भाग येतात. ही आकडेमोड आम्ही शाळेच्या फळ्यावर नाही, पण घरच्या मुलांना मात्र करून दाखवली आहे.

परदेशी कमाई करणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली, मुस्लिम कायद्यात जन्मतः हक्क मिळणारी एकत्र कुटुंबाची मालमत्ता नसते. वडिलांच्या नावावरील जमिनीवर मुलाने आखातातल्या पैशाने घर बांधले, तर वडिलांच्या पश्चात ते घर सहसा सगळ्या वारसांच्या हिशेबात येते. 'मी बांधले' हे तोंडी चालत नाही. बांधण्याआधी ती जागा वडिलांकडून हिबा करून घ्यावी, किंवा खर्चाचा लेखी करार करावा, आणि भावंडांना सांगून करावा.

दुसरी, वडील हयात असताना मुलाचा मृत्यू झाला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर मृत मुलाच्या मुलांना आजोबांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. आखातात अपघातात किंवा आजारात तरुण मुलगा जातो, तेव्हा हा नियम त्याच्या विधवेला आणि पोरांना फार जड जातो. विशेषतः त्याच्याच पैशाने घर उभे राहिले असेल तर. पण शरीयतनेच मार्ग दिलेला आहे. आजोबांनी नातवंडांच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसीयत करावी, किंवा हयातीतच हिबा करावा. उशीर करू नये.

तिसरी, हिबा तोंडीही होतो. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे, या तीन गोष्टी पूर्ण व्हाव्या लागतात. नुसता कागद केला आणि ताबा दिला नाही, तर हिबा पुरा होत नाही. तोंडी हिबा कायद्याला मान्य असला, तरी नोंदणीकृत दस्त असलेला बरा. साक्षीदार मरतात, दस्त राहतो. आणि बाप जिवंत असताना बहिणीकडून 'मला हिस्सा नको' लिहून घेणे तर मुळातच पोकळ, कारण तोवर तिचा वारसाहक्क जन्मालाच आलेला नसतो.

मृत्यूनंतर वारस नोंदीचा अर्ज ३ महिन्यांच्या आत करायला हवा. अर्जात सगळ्या वारसांची नावे द्या. परदेशातल्या बहिणीचे, विधवा भावजयीचे नाव 'नंतर बघू' म्हणून गाळू नका.

कायमचे परतताना

अनिवासी असताना तिकडे घेतलेले घर परत आल्यावरही ठेवता येते, ते विकण्याची सक्ती नाही. मात्र करासाठी इथले सामान्य निवासी झालात, की आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तपशील द्यावाच लागतो. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यानुसार तो लपवला तर १० लाखांचा दंड होऊ शकतो. छोट्या परदेशी ठेवींना आता काही सूट मिळाली, पण ती जमीन-घरांना लागू नाही. पैसा हलाल कमाईचा असला, तरी दाखवला नाही तर लपवलेलाच ठरतो.

पट्ट्यावरची दोन नावे

मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलाची आई झेरॉक्ससाठी कागद घेऊन आली होती. माडिया बाई, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेला वनहक्काचा पट्टा. त्यावर तिच्या नवऱ्याचे आणि तिचे, दोघांचे नाव होते. २००६ च्या वनहक्क कायद्यानेच तसे ठरवले आहे. विवाहित असतील तर पट्टा दोघांच्या नावे होतो. तो वारशाने जातो, पण विकता येत नाही. तिला वाचता येत नव्हते, पण आपले नाव कोणत्या ओळीत आहे ते तिने बोटाने बरोबर दाखवले.

आम्हाला आमची फुफी आठवली. ती उर्दू-मराठी दोन्ही वाचते, तिच्या माहेरच्या कोणत्याही कागदावर मात्र तिचे नाव नव्हते.

त्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो. चाचांशी बोलायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी ते रागावले, दुसऱ्या दिवशी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी फजरनंतर म्हणाले, "तिच्या हिश्श्याचे मोल काढ." घर वाटण्यासारखे नव्हते. म्हणून खाडीकडची कलमांची जागा आम्ही आणि चाचांनी मिळून फुफीला नोंदणी करून दिली आणि ताबाही दिला. फुफी म्हणाली, "मी कधी मागितले होते?" आम्ही म्हणालो, "मागायला लागू नये, म्हणूनच तर वाटे ठरलेले आहेत."

शारजाच्या भाच्यानेही यंदा सुट्टीत खेडला छोटा फ्लॅट घेतला. खरेदीखतात त्याचे आणि त्याच्या पत्नीचे, दोघांचे नाव आहे. पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यातून गेले. आता तो रागावलेला नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, घरात कुणी परदेशात असेल, तर या ईदच्या सुट्टीत एक संध्याकाळ कागदांसाठी ठेवा. एक वही घ्या. कोणती मालमत्ता, कुठे, कुणाच्या नावावर, कुणाच्या पैशाने, कुणाचे देणे-घेणे, मेहर दिला की राहिला, मूळ दस्त कुठे, हे लिहा आणि घरातल्या बायकांसमोर वाचून दाखवा. कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज-रोजाबद्दल नाही, देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या कमाईत बरकत देवो आणि ज्याचा हक्क त्याच्या हाती सोपवण्याची तौफीक देवो. आमीन.